‘चोरणे’ : वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ
(असीरगडच्या निमित्ताने एक भाषापाठ)

नर्मदेच्या खोऱ्यातून सातपुडा ओलांडून तापीच्या खोऱ्यात उतरणाऱ्या वाटेवर, बऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरांवर असीरगडचा किल्ला उभा आहे. उत्तरेकडील सैन्यांना दक्षिणेत उतरण्यासाठी ही वाट महत्त्वाची असल्याने या गडास दक्षिणेचे द्वार म्हणत. आज तो मध्य प्रदेशाच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात आहे. तथापि खानदेशाच्या इतिहासापासून तो वेगळा करता येत नाही, आणि आपल्या जळगाव जिल्ह्याची सीमाही तेथून दूर नाही.

मार्च २०२५ मध्ये या गडाच्या पायथ्याच्या असीरगड गावाचे नाव वृत्तपत्रांतून झळकले. शेतांत मोगलकालीन सोन्याची नाणी सापडतात अशी वार्ता पसरली आणि रात्रीच्या अंधारात बॅटऱ्या घेऊन अनेक लोक शेते खोदू लागले. बऱ्हाणपूरच्या संपत्तीचा प्रसंग असलेला ‘छावा’ हा चित्रपट त्याआधीच्याच महिन्यात प्रदर्शित झाल्याने या वार्तेस अधिकच जोर आला. अखेरीस प्रशासनास लक्ष घालावे लागले.

हे लोक चोरी करीत होते काय? काही जण चटकन ‘होय’ म्हणतील. काही जण म्हणतील, ‘ज्याला धनी नाही ते चोरणार कसे?’ दोन्ही उत्तरे देणारे एकच क्रियापद वापरतात, परंतु त्याचा अर्थ निरनिराळा घेतात. म्हणून या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी ‘चोरणे’ या क्रियापदाचा नीट परिचय करून घेणे इष्ट होईल. शिक्षकांना हा पाठ शब्दशक्ती शिकविताना उपयोगी पडेल. अहवाल, पंचनामे व ठराव लिहिणाऱ्या ग्रामसेवक, पोलीस पाटील आदी मंडळींनाही त्यात विचार करण्याजोगे काही आढळेल अशी आशा आहे.

मूळ अर्थ

‘चोरणे’ हे क्रियापद संस्कृतातील ‘चुर्’ या धातूपासून आले आहे. संस्कृत वैयाकरणांनी धातूंचे जे दहा गण कल्पिले, त्यांतील दहाव्या गणाच्या आरंभी हाच धातू येतो व त्यावरून त्या गणास ‘चुरादिगण’ हे नाव पडले आहे. चोर, चोरी, चोरटा, चौर्य, चोरून हे सर्व शब्द याच कुळातील होत.

‘कोणीतरी रखमाची शेळी चोरली’ हे साधे वाक्य घेऊ. त्यात चार गोष्टी अंतर्भूत आहेत. शेळी रखमाची आहे, म्हणजे वस्तू परक्याची आहे. ती नेण्यास रखमाची संमती नाही. ती रखमाच्या नकळत नेली आहे. आणि ती एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली आहे. यांपैकी एखादी गोष्ट बदलली की मराठी माणूस आपोआप क्रियापद बदलतो. रखमाच्या डोळ्यांदेखत चाकू दाखवून शेळी नेली, तर आपण ‘लुटली’ किंवा ‘हिसकावली’ म्हणतो. गोड बोलून, खोटा भाव सांगून नेली, तर ‘लुबाडली’ किंवा ‘फसवून नेली’ म्हणतो. रखमाने विश्वासाने राखण्यास दिलेली शेळी कोणी परत केली नाही, तर ती ‘हडप केली’ असे म्हणतो. उचलणे, लांबविणे, लंपास करणे, डल्ला मारणे, ढापणे ही क्रियापदे अर्थाने ‘चोरणे’च्या जवळची आहेत, मात्र त्यांत थोडा थट्टेचा किंवा तुच्छतेचा सूर असतो, म्हणून ती शासकीय लेखनात शोभत नाहीत.

कायद्याने केलेली व्याख्या या लोकभाषेच्या अर्थाशी बरीच जुळते. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ३७८ मध्ये चोरीची व्याख्या होती. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून तीत ही व्याख्या कलम ३०३ मध्ये आहे. अप्रामाणिक हेतू, जंगम वस्तू, दुसऱ्याचा ताबा, त्याच्या संमतीचा अभाव आणि वस्तू हलविणे हे त्या व्याख्येचे घटक होत. एक भेद मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कायद्याच्या दृष्टीने चोरी गुपचूपच झाली पाहिजे असे नाही. भर दुपारी, चारचौघांदेखत केलेली चोरीही चोरीच. लोकभाषेत मात्र ‘नकळत’ हा या क्रियापदाचा प्राण आहे. पुढे जे लाक्षणिक अर्थ पाहावयाचे आहेत, ते बहुतेक याच प्राणातून निघाले आहेत.

किल्ला चोरता येतो काय?

असीरगडाने अनेक धनी पाहिले. तो एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती कसा गेला, हे सांगताना इतिहासकार कोणती क्रियापदे वापरतात ते पाहणे उद्बोधक ठरेल.

फिरिश्ता या इतिहासकाराने दिलेल्या कथेप्रमाणे हा गड आसा अहीर नावाच्या संपन्न गवळ्याकडे होता. खानदेशचा नासीरखान फारुकी याने आपल्या कुटुंबातील स्त्रियांना गडावर आश्रय मागितला. आसाने विश्वासाने दार उघडले. डोल्यांमधून मात्र स्त्रियांऐवजी हत्यारबंद शिपाई उतरले व त्यांनी आसाचा आणि त्याच्या मुलांचा वध केला. ही गोष्ट पंधराव्या शतकाच्या आरंभीची म्हणून सांगितली जाते. येथे दार आतून, धन्याच्या हाताने उघडले गेले. संमती होती, पण ती फसवून मिळविली होती. म्हणून ‘नासीरखानाने असीरगड चोरला’ असे कोणी म्हणत नाही. ‘दग्याने घेतला’ असे म्हणतात.

पुढे अकबराने वेढा घातला आणि जानेवारी १६०१ मध्ये गड त्याच्या हाती आला. तो कसा आला याविषयी समकालीन लेखकांत एकवाक्यता नाही. अबुल फजलच्या वृत्तांतात गडावरील रोगराईवर भर आहे, तर जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांतात वचनभंग व लाच यांवर. पहिले खरे धरल्यास गड ‘पडला’, दुसरे खरे धरल्यास तो ‘फितुरीने गेला’. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाकडून असीरगड मराठ्यांना ‘तहात मिळाला’. त्यानंतर तो शिंद्यांच्या ताब्यात असता ऑक्टोबर १८०३ मध्ये इंग्रजांनी ‘घेतला’, त्याच वर्षाअखेरच्या सुर्जी अंजनगावच्या तहाने ‘परत दिला’, आणि एप्रिल १८१९ मध्ये वेढा देऊन पुन्हा ‘जिंकला’. शेजारच्या बऱ्हाणपूरची हकीकतही अशीच. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरचे बहादूरपुरा हे उपनगर ‘लुटले’. जे उघडपणे, सैन्यबळाने झाले, त्यास मराठीत ‘चोरी’ म्हणत नाहीत.

दगा, फितुरी, वेढा, तह, लूट अशी इतकी क्रियापदे व नामे या एका परिसराच्या इतिहासात येतात, पण ‘चोरणे’ येत नाही. याचे कारण नुसते पराक्रमाच्या वर्णनात दडलेले नाही. किल्ला ही स्थावर वस्तू आहे. ती हलविता येत नाही. जमिनीशी जोडलेली वस्तू जोवर जोडलेली आहे तोवर चोरीचा विषय होऊ शकत नाही, मात्र ती जमिनीपासून वेगळी केली की होऊ शकते, असे कायदाही सांगतो. आपले शेतकरी हा भेद कोणी न शिकविता पाळीत आले आहेत. शेजाऱ्याने बांध सरकवला, तर ते ‘बांध कोरला’ म्हणतात. शेत दाबले, तर ‘जमीन बळकावली’ म्हणतात. ‘जमीन चोरली’ हा प्रयोग मराठी कानास खटकतो. परंतु त्याच बांधावरचे झाड तोडून नेले की ‘झाड चोरून नेले’ असे सहज म्हटले जाते. याच न्यायाने असीरगड चोरता येत नाही. पण असीरगडाचा एक घडीव दगड चोरता येतो.

लक्ष्यार्थाचे दोन प्रवाह

शब्दाचा सरळ अर्थ जेथे लागू पडत नाही आणि त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ घ्यावा लागतो, तेथे ‘लक्षणा’ ही शब्दशक्ती कार्य करते. ‘चोरणे’ या क्रियापदाचे लक्ष्यार्थ दोन प्रवाहांत वाटता येतात.

पहिला प्रवाह परक्याचे घेण्याचा आहे. ‘तिने त्याचे चित्त चोरले’, ‘त्या मुलाने साऱ्यांचे मन चोरले’, ‘ही कल्पना अमक्याच्या नाटकातून चोरलेली आहे’, ही त्याची उदाहरणे. वस्तू हाताने धरण्याजोगी नाही एवढाच फरक. बाकी धनी दुसरा आहे व त्याच्या नकळत ती गेली आहे. कृष्णाला ‘लोणीचोर’ म्हणताना वाच्यार्थ कायम असूनही निंदेचा स्तुतीत पालट होतो. तेथे व्यंजना आहे.

दुसरा प्रवाह अधिक लक्षणीय आहे. त्यात माणूस परक्याचे घेत नाही; जे स्वतःजवळ आहे तेच राखून किंवा लपवून ठेवतो. पुढील वाक्ये पाहावीत.

‘बैल नांगराला जुंपला की अंग चोरतो.’
‘प्रश्न विचारताच त्याने नजर चोरली.’
‘वासरू दूर बांधले म्हणून गाय पान्हा चोरते.’
‘घसा बसल्याने गवयाने आवाज चोरून गायिले.’

अंग बैलाचेच आहे, नजर त्या माणसाचीच आहे, पान्हा गायीचाच आहे, आवाज गवयाचाच आहे. मग चोरी कोणाची? येथे क्रियापद असे सुचविते की, वस्तू ज्याच्याजवळ आहे त्याची ती असली तरी तिच्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हक्क होता. बैलाच्या बळावर नांगराचा, नजरेवर समोरच्या माणसाचा, पान्ह्यावर वासराचा व धन्याचा, आवाजावर श्रोत्यांचा. देय असलेले न देणे म्हणजेही एक प्रकारे चोरणे होय, असा नैतिक निवाडा आपल्या भाषेने या चार छोट्या प्रयोगांत करून ठेवला आहे. विचारवंतांनाही हे सुचले होते. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात देवांनी दिलेले भोग त्यांना काही अर्पण न करता भोगणारास चोर म्हटले आहे. गांधीजींच्या एकादश व्रतांतील ‘अस्तेय’ या व्रताचा अर्थही परवानगीशिवाय दुसऱ्याची वस्तू न घेणे एवढाच मर्यादित नव्हता. गरजेहून अधिक घेणे हेही ते चोरीतच मोजीत.

‘नजर चोरणे’ आणि ‘नजर चुकविणे’ यांतील भेद यामुळे स्पष्ट होतो. ‘आईची नजर चुकवून त्याने लाडू खाल्ला’ या वाक्यात नजर आईची आहे. ‘आईसमोर त्याने नजर चोरली’ या वाक्यात नजर त्याची स्वतःची आहे. दुसऱ्या प्रवाहातील प्रयोग ओळखण्यासाठी विद्यार्थ्यांना ही सोपी कसोटी द्यावी: कर्माच्या आधी ‘स्वतःचे’ हा शब्द घालता येतो काय? येत असेल, तर तो दुसरा प्रवाह.

हे सर्व प्रयोग दोष दाखविणारेच असतात असे मात्र नाही. एस. टी.च्या भरलेल्या गाडीत एखादा माणूस अंग चोरून बसतो आणि म्हातारीला बाकावर जागा करून देतो. येथेही त्याने स्वतःचे अंग आवरले, परंतु ते दुसऱ्याच्या सोयीसाठी. तेव्हा तोच वाक्प्रचार सौजन्याचा निदर्शक ठरतो. वाक्प्रचाराचा अर्थ प्रसंगावरून ठरवावा, पाठ करून ठरवू नये, हा धडा यातून घेण्यासारखा आहे.

‘चोरून’ देणारे

‘चोरून’ हे धातुसाधित तर आणखी पुढे गेले आहे. ‘चोरून ऐकणे’, ‘चोरून पाहणे’, ‘चोरून रडणे’ यांत काहीच नेले जात नाही. केवळ कोणाला कळू नये एवढाच भाव उरतो. ‘चोर’ हा शब्द समासाच्या आरंभी येतो तेव्हाही असेच घडते. चोरवाट, चोरदरवाजा, चोरखिसा, चोरकप्पा या वस्तू चोरांच्या नव्हेत. किल्ल्याचा चोरदरवाजा किल्ला बांधणारानेच संकटकाळी बाहेर पडता यावे म्हणून ठेवलेला असतो. गर्भवती स्त्रीला पहिल्या काही महिन्यांत गाजावाजा न करता चोळी देण्याची व तिची ओटी भरण्याची चाल आहे; तिला ‘चोरचोळी’ वा ‘चोरओटी’ म्हणतात. तेथे तर चोरणाऱ्याच्या उलट, देण्याचाच समारंभ आहे.

असीरगडाची लोककथा याचे उत्तम उदाहरण आहे. गडावर शिवाचे एक प्राचीन मंदिर आहे. महाभारतातील चिरंजीव अश्वत्थामा पहाटे कोणाच्याही दृष्टीस न पडता तेथे येतो, पिंडीवर फूल वाहतो आणि निघून जातो, अशी परिसरातील लोकांची श्रद्धा आहे. ही कथा मराठीत सांगताना ‘अश्वत्थामा चोरून येतो आणि पूजा करून जातो’ असे वाक्य कोणासही सहज सुचेल. त्या वाक्यात काही नेले नाही. उलट फूल ठेवले आहे. तरीही ‘चोरून’ हा शब्द तेथे अचूक बसतो. ज्याने पांडवांच्या निद्रिस्त छावणीवर रात्री घाला घातला, त्यास तोंड लपवूनच यावे लागते, हा अर्थही त्या शब्दात ध्वनित होतो.

शेजारची भाषा

बऱ्हाणपूर व रावेर परिसरात मराठी, हिंदी, निमाडी आणि अहिराणी या बोली एकमेकींच्या शेजारी नांदतात. तेथील शिक्षकांनी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. हिंदीतील ‘चुराना’ याला मराठीत ‘चोरणे’ म्हणतात, ‘चुरणे’ नव्हे. मराठीत ‘चुरणे’ म्हणजे दाबणे, मळणे. ‘सुनेने सासूचे पाय चुरले’ हे सेवेचे वाक्य आहे. त्यात ‘चोरले’ असा एका मात्रेचा फरक झाला तर अनर्थच होईल. दुसरे असे की, दोन्ही भाषांतील वाक्प्रचार समान दिसले तरी सर्वत्र एकसारखे चालत नाहीत. हिंदीत ‘काम से जी चुराना’ म्हणतात. मराठीत जीव चोरीत नाहीत, अंग चोरतात. हिंदीत ‘करचोरी’ रूढ आहे. मराठीत ‘कर चुकविणे’ व ‘करचुकवेगिरी’ रूढ आहेत. ‘कामचोर’ हा शब्द मात्र दोन्हींकडे आहे.

उलटपक्षी ‘वीजचोरी’ आणि ‘पाणीचोरी’ हे शब्द आपल्या भाषेत पक्के झाले आहेत. तारेवर आकडा टाकून घेतलेली वीज ही शेळीसारखी जागेवरून उचललेली वस्तू नाही. त्यामुळे १९१० च्या विद्युत अधिनियमात अप्रामाणिकपणे घेतलेली वीज ही ‘चोरी समजली जाईल’ अशी स्वतंत्र तरतूद करावी लागली. आज २००३ च्या विद्युत अधिनियमाचे कलम १३५ त्यासाठी आहे. एके काळी जो लक्ष्यार्थ होता तो अशा रीतीने कायद्याने वाच्यार्थाच्या पंक्तीस बसविला.

क्रियापद आणि नाम

आतापर्यंत आपण क्रियापदाचा विचार केला. त्यापासून झालेले ‘चोर’ हे नाम वापरताना अधिक जबाबदारी येते. पुढील तीन वाक्ये एकाखाली एक लिहून पाहावीत.

‘बैल चोरीस गेला.’
‘अमक्याने बैल चोरला.’
‘अमका चोर आहे.’

पहिल्या वाक्यात हानी सांगितली आहे. कोणावरही आरोप नाही. दुसऱ्यात एका माणसाच्या एका कृत्याविषयी विधान आहे. त्यास पुरावा हवा, आणि तो नसल्यास विधान मागे घेता येते. तिसऱ्या वाक्यात काळ नाही, वस्तू नाही, प्रसंग नाही. ते कृत्याचे वर्णन न राहता माणसाचे वर्णन होते, आणि असे वर्णन पुसता पुसत नाही. चौकशी पूर्ण होईपर्यंत पंचनाम्यात व अहवालात पहिल्या वाक्याची रचना ठेवावी. दुसरे वाक्य लिहावयाचे झाल्यास ‘असा संशय आहे’ किंवा ‘अशी तक्रार आहे’ हे शब्द जोडावेत. तिसरे वाक्य लिहूच नये.

हा उपदेश केवळ व्याकरणाचा नाही. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे काही जमातींच्या माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवून त्यांच्यावर हजेरी लादली. सोलापूरसारख्या ठिकाणी अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड वसाहतीत ठेवले जाई. येथे ‘चोरला’ हे क्रियापद सिद्ध करण्याची गरजच उरली नव्हती. ‘चोर’ हे नाम पाळण्यातल्या मुलालाही लागू होते. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ पासून रद्द झाला व त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. परंतु कायदा रद्द झाला म्हणून भाषेतील डाग गेला नाही. ‘उचलणे’ या क्रियापदावरून पडलेले ‘उचल्या’ हे नाव जन्मापासून वाहणे म्हणजे काय, हे लक्ष्मण गायकवाड यांनी त्याच नावाच्या आत्मकथनातून १९८७ मध्ये मराठी वाचकांसमोर ठेवले; त्यास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ठक या अर्थी आपण सर्रास वापरतो तो ‘भामटा’ हा शब्दही विमुक्त जातींच्या शासकीय यादीतील एका जमातीचे नाव आहे, याचे भान बोलताना व लिहिताना ठेवले पाहिजे.

शाळेतही हाच विवेक हवा. वर्गात मागे राहणाऱ्या मुलाला ‘कामचोर’ म्हणणे सोपे असते. येथे पान्हा चोरणाऱ्या गायीचे उदाहरण उपयोगी पडेल. गाय भ्याली, दुखावली किंवा अनोळखी हात लागला, की तिच्या शरीरात पान्हा सोडविणारी क्रिया अडते. दूध कासेत असूनही उतरत नाही. जाणता गवळी तिला मारीत नाही, कारण मारल्याने दूध आणखी आटते. तो वासरू जवळ आणतो, कास कोमट पाण्याने धुतो, ओळखीच्या आवाजात बोलतो. भाषेने गायीवर चोरीचा आळ घेतला असला, तरी गवळी कारण शोधतो. अंग चोरणाऱ्या मुलाच्या बाबतीत शिक्षकाने निदान तेवढे करावे: पोट भरलेले आहे काय, फळा दिसतो काय, घरी कामाचा भार आहे काय, हे आधी पाहावे.

सापडलेले धन

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. शेतात पुरलेल्या नाण्यांचा मूळ धनी शतकांपूर्वी गेला. पहिल्या प्रवाहातील ‘चोरणे’ तेथे ओढूनताणूनच लावावे लागते. कारण कोणाच्या ताब्यातून, कोणाच्या संमतीविना, हेच सांगता येत नाही. ‘ज्याला धनी नाही ते चोरणार कसे?’ या उत्तरात त्यामुळे काही तथ्य आहे. अर्थात शेत दुसऱ्याचे असेल, तर त्याच्या परवानगीवाचून ते खोदणे हा अपराधाचा वेगळा विषय होईल.

परंतु दुसरा प्रवाह येथे नेमका लागू पडतो. नाणे सापडले, मुठीत आले; आता त्यावर आणखी कोणाचा हक्क आहे काय? भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ सांगतो की आहे. जमिनीत दडलेले धन सापडल्यास आणि त्याचे मूल्य दहा रुपयांहून अधिक असल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविले पाहिजे. काय सापडले, कोठे सापडले व केव्हा सापडले हे त्या सूचनेत द्यावयाचे असते. मूळ मालक पुढे न आल्यास सापडणाऱ्यास व जमीनमालकास वाटा मिळण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. मात्र जो ते लपवील त्याचा वाटा जातो, आणि एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. सापडणे हा गुन्हा नाही. सापडलेले चोरून ठेवणे हा गुन्हा आहे. गड हे संरक्षित स्मारक असल्याने त्याच्या संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही, हेही सर्वांनी जाणून असावे.

ही सूचना देणे कशासाठी महत्त्वाचे, ते नाण्यांवरूनच सांगता येईल. बऱ्हाणपूर येथे मोगलांची टांकसाळ होती. असीरगड जिंकल्याच्या स्मरणार्थ अकबराने ससाण्याचे चित्र असलेली सोन्याची मोहोर पाडली. ती आज नाणेसंग्राहकांना सुपरिचित आहे. एखादे नाणे सुटे विकले की त्याला सोन्याचा भाव येतो. तेच नाणे मडक्यात, इतर नाण्यांसह, अमुक खोलीवर सापडले अशी नोंद झाली, तर त्यांतील सर्वांत अलीकडच्या नाण्यावरून ते धन कोणत्या काळाच्या पूर्वी पुरले गेले नसेल, हे कळते. कोणत्या धामधुमीत कोणा सावकाराने वा शिपायाने ते जमिनीत दडवले, याचा माग त्यावरून लागू शकतो. रात्री बॅटरीच्या उजेडात मडके फुटते, नाणी वाटली जातात, आणि हा माग कायमचा पुसला जातो. नाणे एका घरी जाते. त्याबरोबर गावाचा इतिहास चोरीस जातो.

म्हणून उत्तर असे देता येईल. त्या रात्री खोदणाऱ्या गावकऱ्यांना सरसकट ‘चोर’ म्हणणे भाषेच्या दृष्टीने चुकीचे आणि माणुसकीच्या दृष्टीने अन्यायाचे होईल. बहुतेकांच्या हाती मातीच लागली असणार, आणि गरिबीने दाखविलेल्या आशेच्या मागे धावणे हा काही वंशाला लावावयाचा डाग नव्हे. परंतु ज्याच्या हाती खरोखर काही लागले आणि ज्याने ते कळविले नाही, त्याने चोरले, असे क्रियापद निःशंकपणे वापरता येईल. त्याने राजाचा खजिना चोरला नाही. आपल्या मुठीतील, पण साऱ्यांना देय असलेली गोष्ट चोरली. अंग चोरणाऱ्या बैलाविषयी जे वाक्य आपण रोज बोलतो, त्यातील अर्थ येथे फौजदारी गुन्हा होऊन उभा राहतो.

स्वाध्याय

१. पुढील वाक्यांतील ‘चोरणे’चा प्रयोग वाच्यार्थाचा की लक्ष्यार्थाचा, आणि लक्ष्यार्थाचा असल्यास कोणत्या प्रवाहातील, ते सांगा: (अ) रात्री कोणीतरी विहिरीवरची मोटार चोरली. (आ) पाहुणे येताच ती दारामागे अंग चोरून उभी राहिली. (इ) त्याने ही चाल दुसऱ्याच्या गाण्यातून चोरली. (ई) साक्ष देताना त्याने नजर चोरली.

२. ‘किल्ला’, ‘शेत’, ‘शेताच्या बांधावरचे झाड’ आणि ‘वीज’ या चार शब्दांसाठी योग्य क्रियापदे योजून वाक्ये करा. क्रियापदे का बदलली ते सांगा.

३. ‘चोर’ हा शब्द आरंभी असलेले, परंतु ज्यांत चोरीचा संबंध नाही असे पाच सामासिक शब्द आपल्या गावातील वृद्धांना विचारून लिहा.

४. ‘चोराच्या मनात चांदणे’, ‘चोराच्या उलट्या बोंबा’ आणि ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ या म्हणींपैकी कोणती म्हण चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने सदैव ध्यानात ठेवावी? कारण द्या.

५. ग्रामपंचायतीच्या आवारातील सौरदिवा नाहीसा झाला आहे. कोणाचेही नाव न घेता, वस्तू, ठिकाण, वेळ व हानी स्पष्ट होईल असा पाच ओळींचा अहवाल लिहा.